मंगळवारी वीज गेली नव्हती

साहेब, मंगळवारी वीज गेली नव्हती. तरी चौकशीच्या कागदावर तुम्ही 'वीज गेल्यामुळे' असं लिहिलंत, खाली सही ठोकलीत आणि सगळं खापर ताईंच्या डोक्यावर फोडलंत. मी कपाटात असतो म्हणून मला काही कळत नाही, या भ्रमात राहू नका.

मित्रांनो, मी एक जुना स्विच आहे. दिवा लावायचं बटण असतं तो स्विच नव्हे. मी पत्र्याचा चपटा डबा. तोंडाला चोवीस भोकं, प्रत्येकात एक वायर. या दवाखान्यातले कॉम्प्युटर, फोन आणि खाटेजवळच्या घंटा माझ्यातून एकमेकांशी बोलतात. जिन्याखालच्या कपाटात माझा मुक्काम. सोबतीला विजेवर चालणारं आकड्यांचं एक घड्याळ, एक झाडू आणि कुणाची तरी दांडी मोडलेली छत्री.

नऊ वर्षांपूर्वी मला बसवायला आलेल्या माणसाने कोणत्या भोकातून कुठे बोलायचं ते शिकवलं. शिकवलेलं मी आधी चालू डोक्यात ठेवतो, पण बंद पडलो की ते डोकं कोरं होतं. पुन्हा उठताना मी फक्त सेव्ह केलेली फाइल वाचतो. म्हणून काही बदललं की सेव्ह करावंच लागतं. त्या माणसाने आपल्या फाइलला 'अंतिम' असं नाव दिलं, हात झटकले आणि गेला तो गेलाच.

मग माझी देखभाल दवाखान्यातले कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या ताईंकडे आली. त्या 'अंतिम'ला हसायच्या. म्हणायच्या, शेवटचं असं काही नसतं, उद्या कुणीतरी नवी खाट टाकतंच. त्या फाइलला तारखेचं नाव देत आणि माझ्या पाठीवर चिठ्ठी चिकटवत: तारीख, आजवर मी किती वेळा उठलो तो आकडा, आणि 'सेव्ह केलं'. मुलांचा वॉर्ड नवा झाला तेव्हा त्याच्या चार वायरी त्यांनीच जोडल्या. त्या दिवशी सिस्टरनी कपाटाच्या दारावर थाप मारली होती. नऊ वर्षांत माझ्या वाट्याला आलेलं कौतुक एवढंच. चिठ्ठीवर आकडा होता बेचाळीस.

गेल्या महिन्यात साहेबांच्या टेबलावर नवा प्रोग्राम आला. कोणतं यंत्र कधी उठलं, का उठलं, कोणती फाइल वाचून उठलं, हे तो लिहून ठेवतो. हवं तर बसल्या जागेवरून, हवी ती फाइल निवडून, यंत्राला बंद करून पुन्हा उठवतो. ताईंनी तो मागितला. साहेब म्हणाले, बघू.

मंगळवारी सकाळी सव्वाअकराला मी बंद पडलो आणि उठलो. फोन लागले, कॉम्प्युटर लागले, म्हणून कुणाला काही कळलं नाही. मुलांच्या वॉर्डच्या चार घंटा मात्र मुक्या. एका आईने तिच्या लेकीला धाप लागली म्हणून घंटेचं बटण दाबलं, पुन्हा दाबलं, मग दाबूनच धरलं. शेवटी ती अनवाणी धावत सिस्टरपर्यंत पोचली. मुलगी वाचली. आईच्या धावण्यामुळे वाचली, तुमच्या यंत्रणेमुळे नाही.

दुपारी ताईंच्या हातात साहेबांच्या सहीचं पत्र पडलं. वीज गेली, ताईंनी सेव्ह केलं नव्हतं, म्हणून घंटा बंद पडल्या. शुक्रवारी चौकशी समितीपुढे खुलासा करा, नाहीतर नोकरी सोडा. ताई कपाटापुढे बसल्या. आधी त्यांना सोबत आलेल्या वायरमनकाकांचा संशय आला, काकांना ताईंचा. मला तर माझाच आला. म्हातारा झालोय, विसरलो असेन. मग ताई हळू आवाजात म्हणाल्या, "काका, मी चिठ्ठी लिहिली आणि सेव्ह करायचं राहिलं, असं तर झालं नसेल?"

काका घड्याळाकडे बघत होते.

"ताई, हे घड्याळ आणि तुमचा डबा विजेच्या एकाच पट्टीवर आहेत. वीज गेली असती तर हे बेअक्कल बारा वाजवून लुकलुकत बसलं असतं. हे तर बरोबर वेळ दाखवतंय."

ताईंनी मला वायर जोडली आणि विचारलं. मी सांगितलं: सुरुवात त्रेचाळीस. कारण, आदेश. फाइल, 'अंतिम'. आदेश कुठून? साहेबांच्या टेबलावरून. सिस्टर म्हणाल्या, तेव्हा तिथे पाहुण्यांना नवा प्रोग्राम दाखवणं चाललं होतं. 'अंतिम' नाव बघून कुणीतरी तीच निवडली असणार. त्या फाइलला मुलांचा वॉर्ड ठाऊकच नाही. ताईंची फाइल आजही माझ्या पोटात शाबूत आहे; ती बघून त्यांनी मला बंद न करताच त्या चार घंटा पुन्हा बोलत्या केल्या. आणि त्या हुशार प्रोग्राममधलं मंगळवारचं पान? कोरं.

शुक्रवारी ताईंनी समितीला माझ्या या उत्तराचा फोटो दाखवला. साहेब म्हणाले, फोटो काय, कुणीही बनवतं. यंत्र जुनं आहे, काहीही बरळतं. समितीने सांगितलं, मग सोमवारी यंत्रच टेबलावर आणा. साहेब लगेच म्हणाले, "मी स्वतः काढून आणतो."

एवढी घाई का, हे मी सांगतो. मी कारण फक्त शेवटच्या सुरुवातीचं जपतो. माझी वायर उपटली आणि समितीच्या टेबलावर पुन्हा लावली, की मी चव्वेचाळिसाव्यांदा उठेन आणि प्रामाणिकपणे सांगेन: कारण, वीज गेली. तुमचं खोटं माझ्या तोंडून खरं होईल.

मित्रांनो, जुन्या यंत्राची काळजी म्हणजे नुसती धूळ पुसणं नव्हे. ते काय सांगतंय ते बंद करण्याआधी ऐका, आणि त्याच्या पाठीवर दर वेळी चिठ्ठी लिहिणाऱ्या माणसाला एकटं पाडू नका. समितीला माझी विनंती आहे, तुम्हीच जिन्याखाली या. चार पावलं आहेत.

आणि साहेब, वायरीला हात लावण्याआधी, सगळ्यांसमोर, ताईंच्या डोळ्यांत बघून सांगा. मंगळवारी सव्वाअकराला तुमच्या खुर्चीत कोण बसलं होतं? ते पान कुणी पुसलं?

उत्तर द्या. मी अजून चालू आहे.