जिन्याचा कठडा

घरमालकाने जिन्याचा गंजलेला कठडा कापून नेला, तेव्हा "नवा बसवतो" असं सांगून गेला होता. कठडा गेला आणि जिना उघडाच राहिला. बाहेरून वर चढणारा लोखंडी जिना, एका बाजूला भिंत आणि दुसऱ्या बाजूला नुसती हवा. मास्तरांची बायको ओल्या कपड्यांची बादली घेऊन त्यावरून उतरत होती. पाय घसरला, तिने धरायला हात पुढे केला, आणि तिथे काहीच नव्हतं. कमरेचं हाड मोडलं. तिने अंथरूण धरलं ते धरलंच. तिचं दिवसकार्य उरकल्यावर मालक भेटायला आला आणि दारातूनच म्हणाला, "वय झालं होतं हो त्यांचं."

ते वाक्य मास्तरांना काट्यासारखं सलत राहिलं.

मास्तर म्हणजे शिंपी. सगळी गल्ली त्यांना मास्तर म्हणायची. राहायला वरची खोली, शिलाई मशीनही तिथेच. खाली मालक आणि त्याची म्हातारी आई राहायची. मालकाला ती खोली रिकामी हवी होती आणि कठडा न बसवण्यामागची मेख तीच होती. म्हातारा एक दिवस जिन्याला घाबरेल आणि आपण होऊन जाईल, हा त्याचा हिशेब.

तिकडे मुलीने वेगळाच धोशा लावला होता.

"बाबा, एकतर कठडा बसवून घ्या, नाहीतर माझ्याकडे चला. या जिन्यावर मला दुसरं माणूस घालवायचं नाही."

"मालक बसवत नाही, त्याला मी काय करू?"

"मग विषय संपला. पुढच्या महिन्यात मी पिशव्या घेऊन येते. कठडा असेल तर रिकाम्या परत नेईन."

मुलीकडे जाण्यात वाईट काही नव्हतं. जावई भला माणूस होता. पण या खोलीत बायकोने टाचलेले पडदे होते, तिने भिंतीवर ठोकलेला वाकडा खिळा होता. आणि जिन्याने बायको नेली, आता जिन्यानेच घर न्यावं, हे मास्तरांना काही केल्या पटेना.

ते गल्लीच्या टोकाला वेल्डरबाईकडे गेले. ती कामाला चोख आणि तोंडाने फटकळ म्हणून प्रसिद्ध होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि हातमोजे काढून बाकावर आपटले.

"मास्तर, मला नाही जमायचं. मालकाच्या नव्या इमारतीच्या खिडक्या माझ्याकडे आहेत. त्याने बजावलंय, शिंप्याच्या जिन्याला हात लावायचा नाही."

"म्हणजे तुम्हीसुद्धा त्याच्याच बाजूच्या."

"पोट लागलंय ना मागे." मग तिच्या गालावर खळी पडली. "जिन्याला हात लावू नको म्हणाला. शिंप्याला शिकवू नको, असं काही म्हणाला नाही."

"मला? या वयात?"

"का? सुई हातात धरता ना? हा वेल्डिंगचा रॉड जरा जाड असतो, एवढंच."

दुसऱ्या दिवशी मास्तर नेहमीच्या टेरिकॉटच्या शर्टात आणि चपला घालून हजर झाले. बाईने कपाळावर हात मारला.

"या शर्टावर ठिणगी पडली तर कापड वितळून कातडीला चिकटेल. हे तुम्ही मला सांगायचं की मी तुम्हाला? जाड सुती घाला, लांब बाह्यांचं. आणि पायात बंद बूट."

मास्तरांना ते फार लागलं. जन्म कापडात गेला आणि कापडावरूनच बोलणी खाल्ली! घरी जाऊन त्यांनी जाडजूड सुती कापडाचा डगला शिवला. असा बेतला की बघणाऱ्याने बघत राहावं. बाह्यांना छान दुमडलेल्या पट्ट्या, पुढे दोन ऐसपैस खिसे.

बाई हसता हसता खुर्चीत बसली. "अहो मास्तर, लग्नाला निघालात का? हे उघडे खिसे म्हणजे ठिणग्यांना आमंत्रण. आणि या दुमडीत जळता कण पडून बसला तर धूर येईपर्यंत तुम्हाला पत्ता लागायचा नाही."

मास्तर परत घरी. खिसे उसवले, पट्ट्या उसवल्या, गळ्याला वरपर्यंत बटण लावलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी बिनखिशाचा कोट शिवला. तो घालून आरशासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "आहे हे असं आहे." ऐकायला कुणी नव्हतं, तरी म्हणाले.

मग शिकवणी सुरू झाली. पहिले काही दिवस बाईने त्यांना रॉड हातात दिलाच नाही. जमीन कोरडी आहे का, बघा. हातमोजे चामड्याचे आणि कोरडे, घामाने भिजले की बदला. रॉड धरायच्या होल्डरची मूठ तडकलेली नको, वायर कुठे सोललेली नको. अर्थिंगच्या वायरचा चिमटा जिथे काम चाललंय तिथेच, गंज घासून चकचकीत केलेल्या लोखंडावर. थिनरचा डबा, चिंध्या, लाकडाचा भुसा, सगळं लांब. वाळूची बादली जवळ. काम झालं की होल्डरमधला रॉड काढून ठेवा, नाहीतर तो कुठे टेकेल त्याचा नेम नाही. आणि ठिणगी पाडण्याआधी, आजूबाजूच्यांनी नजर फिरवावी म्हणून, ओरडून सांगायचं, "डोळे!"

"एवढं लक्षात ठेवायचं?"

"लक्षात नाही ठेवायचं, अंगात मुरवायचं. कात्री उघडी टाकता का कधी गादीवर?"

"छे!"

"तसं."

रॉड हातात आला तेव्हा तो लोखंडाला जळवेसारखा चिकटायला लागला. मास्तर ओढायला जायचे आणि बाई ओरडायची, "ओढाताण नको! मनगटाने झटका द्या. नाही सुटला तर होल्डरचा चाप दाबा आणि मोकळे व्हा." आगकाडी ओढावी तसा रॉड ओढायचा, की प्रकाश पडला पाहिजे. पडायचा, आणि विझायचा. चार बोटांच्या लोखंडी पट्टीवर कोंबडीने पाय फिरवल्यासारखी नक्षी उमटायची. बाई म्हणायची, "छान. मालकाला फ्रेम करून द्या."

खरी अडचण दुसरीच होती. शिंपी न बघता टाका घालत नाही. हेल्मेटच्या काळ्या काचेतून ठिणगी पडेपर्यंत काहीच दिसत नाही, नुसता अंधार. मास्तरांना तो अंधार सहन होईना. सुरुवातीची जागा नीट दिसावी म्हणून ते हनुवटीखालून हेल्मेट जरासं उचलायचे, तिरक्या नजरेने बघायचे आणि ठिणगी पडली की खाली पाडायचे. पापणी लवायच्या आत सगळं होतं, कुणाला कळतंय! बाईलाही कळलं नाही. कळलं ते मास्तरांच्या डोळ्यांना. घरी पोचल्यावर डोळ्यांत कुणी वाळू भरल्यासारखं झालं. पाणी थांबेना, उजेड सोसवेना.

आणि नेमकी सकाळीच मुलगी आली. बाप दारं-खिडक्या लावून, डोळ्यांवर ओलं फडकं टाकून पडलेला.

"काय केलंत हे? कुणाशी मारामारी केलीत?"

मास्तरांनी सगळं सांगितलं. आधी तिने त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी औषध दिलं आणि उतरेल म्हणाले, पण पुन्हा पुन्हा असं केलंत तर डोळे गमवाल, असंही बजावलं. मुलगी त्यांना हाताला धरून घरी घेऊन आली. दार लावलं आणि भडका उडाला.

"आई गेली, आता तुम्ही आंधळे व्हा! कशासाठी? एका कठड्यासाठी? माझ्या घरात काय कमी आहे?"

"तुझ्या घरात काही कमी नाही, पोरी. माझ्या जिन्याला कमी आहे."

"हट्ट आहे नुसता."

"हट्टच आहे." मास्तर फडकं काढून उठून बसले. लाल, सुजलेल्या डोळ्यांनी तिच्याकडे बघत म्हणाले, "तुझी आई वय झालं म्हणून नाही गेली. धरायला काही नव्हतं म्हणून गेली. हे त्या माणसाला मी तोंडाने सांगून उपयोग नाही. त्याला रोज दिसलं पाहिजे."

मुलगी रडली, पण पिशव्यांची अट तिने सोडली नाही. मास्तरांनीही सूट मागितली नाही.

डोळे पूर्ण बरे झाल्यावर ते पुन्हा दुकानात गेले आणि आपला गुन्हा सांगितला. बाई एरवी चेष्टा करायची, आज केली नाही. तिने ते हेल्मेट काढून ठेवलं आणि दुसरं, मानेच्या झटक्याने खाली पडणारं, त्यांच्या डोक्यावर चढवलं.

"आधी डावा हात टेकवा. रॉडचं टोक जागेच्या जवळ आणा, टेकवू नका. आता हात हलवायचा नाही. मान हलवा, काच पडू दे, मग ठिणगी. जागा डोळ्याने नाही धरायची, हाताने धरायची. वीज गेल्यावर शिलाई पुरी केली नाहीत कधी?"

केली होती. कितीतरी वेळा केली होती, बायको शेजारी बसून कापड सरळ धरायची.

त्या काळ्या काचेमागे माणूस एकटा असतो. आत रडलेलं बाहेर कुणाला दिसत नाही. पण काच धूसर होते आणि टाका वाकडा जातो. मास्तरांनी ते एकदाच करून पाहिलं.

हळूहळू रेघ सरळ यायला लागली. जोडावर साचलेली मळी हातोडीने ठोकून काढली की खाली एकसारख्या खवल्यांची ओळ दिसायची. ठोकतानाही बाई पांढऱ्या काचेचा चष्मा लावायला लावायची, कारण मळीचे तुकडे उडतात आणि गरम असतात. जोडलेले तुकडे ती शिकंज्यात धरून घणाने वाकवायची. किती तरी तुटले. मग एक तुटेना. लोखंड वाकलं, जोड तसाच राहिला. बाईने घण खाली ठेवला आणि म्हणाली, "वेल्डिंगची मशीन घेऊन जा. वायरमनकडून नीट जोडणी करून घ्या, प्लगमध्ये उघड्या वायरी खुपसायच्या नाहीत. आणि खालून वर काम करा, म्हणजे बसवलेला भाग पाठीशी राहील."

मुलगी यायच्या दिवशी सकाळीच मास्तर जिन्यावर बसले. जुन्या कठड्याचे थोटके उरलेले खांब त्यांनी आधीच घासून रंग आणि गंज काढून चकचकीत केले होते. बाईने मापात कापून दिलेले नवे खांब एकेक करत उभे राहू लागले. आधी कच्चे टाके, ओळंबा लावून खांब सरळ आहे का बघायचं, मग पक्की रेघ. निम्मा जिना झाला तेव्हा मालक धावत आला.

"मास्तर! कुणाच्या परवानगीने?"

"तुमच्याच. नवा बसवतो म्हणाला होतात. उशीर होत होता, मी हातभार लावला."

"शहाणपणा शिकवू नका! थांबवा हे. जिना माझा आहे."

"डोळे!" मास्तर ओरडले आणि मान हलवली. मालकाला पाठ फिरवावी लागली. रॉड तडतडला, संपला. मालक वळला.

"मी सांगतो ते—"

"डोळे!"

भिंतीशी भांडावं तसा मालक पाठमोरा ओरडत राहिला. शेवटी तो पाय आपटत खाली गेला आणि बोळातलं विजेचं मुख्य बटण त्याने बंद केलं. मशीनचा घूं घूं आवाज थांबला. वरचे दोन खांब आणि त्यांच्यावरची दांडी राहिली होती.

तेवढ्यात मुलगी आली, हातात रिकाम्या पिशव्या घेऊन. तिने खालून वर पाहिलं. मास्तरांनी आधी झालेला, थंड झालेला भाग दाखवला. त्याला धरून ती एकेक पायरी चढली आणि कठडा संपला तिथे थांबली.

"इथून पुढे?"

"वीज आली की."

"शेजारून वायर ओढून घेऊ?"

"नको. पातळ वायर तापते. घाईत काही पेटलं तर मालकाला खोली फुकट मिळेल."

मुलीला हसू आलं. बऱ्याच दिवसांनी आलं. ती बापाशेजारी पायरीवर बसली. खालून मालकाच्या म्हाताऱ्या आईचा आवाज आला.

"पंखा कुणी बंद केला रे?"

"मी केला, आई. वरती तो शिंपी—"

"वरती शिंपी आणि घाम मला? लाव आधी!"

"अगं, तो कठडा बसवतोय!"

"मग बसवू दे की! तू तर काही बसवला नाहीस!"

बोळात खटकन आवाज झाला आणि मशीन पुन्हा घूं घूं करायला लागली. मुलीने न सांगता भिंतीकडे तोंड केलं.

शेवटचा जोड पुरा झाला. मास्तरांनी मशीन बंद केली, हेल्मेट वर केलं. मालक चढून येत होता, हात पुढे करून, वरचा खांब गदागदा हलवून कच्चं काम दाखवून द्यायच्या तयारीत.

"मालक, हात लावू नका," मास्तर म्हणाले. "दिसत नसलं तरी तापलेलं आहे, कातडी सोलून निघेल. थंड झाल्यावर या. मग हवं तितकं हलवा, तुमच्या घरातल्या सगळ्यांना घेऊन या आणि लटका. मी इथेच आहे. आज, उद्या, आणि परवाही."

मालकाने पुढे केलेला हात मागे घेतला. मग खाली गेला.

बापलेक लोखंड थंड होईपर्यंत बसून राहिले. कुठे काही धुमसतंय का, ते मास्तर बघत होते. मग मुलीने वरच्या दांडीला दोन्ही हातांनी धरलं, सगळा भार टाकला, एक पाय उचलला. दांडी हलली नाही. ती तशीच, कपाळ हातांवर टेकवून बराच वेळ उभी राहिली.

निघताना तिने पिशव्यांची घडी घालून काखेत मारली.

"रविवारी ये," मास्तर वरून म्हणाले. "रंग द्यायचा आहे. जुने कपडे घाल."