फाटकावरचं यंत्र

"अक्का, पाण्याच्या बाटल्या टेबलावर ठेव ना. आणि पंखा जरा कमी कर, माझे कागद उडताहेत."

माधवीने बाटल्या ठेवल्या, पंखा कमी केला. हैदराबादच्या हिमायतनगरमधल्या या छोट्या मराठी ग्रंथालयात चोवीस वर्षं ती हेच करत आली होती. फरक इतकाच, की आज फर्मावणारी तिची धाकटी बहीण होती. निशिगंधा आपल्या कादंबरीचं वाचन करायला पुण्याहून आली होती. अंगावर इरकल साडी, चष्मा डोक्यावर चढवलेला, आणि बोलणं असं, की बाईसाहेब हैदराबादचं पाणी कधी प्यायल्याच नसाव्यात! समोर कुकटपल्लीहून आलेली आयटीवाल्यांची मुलं दाटीवाटीने बसली होती. मराठी पाटी वाचताना ज्यांना घाम फुटतो, त्यांच्यातलेही कित्येकजण हे पुस्तक घेऊन आले होते. माधवीच्या अंगाचा तिळपापड झाला.

कादंबरी तिने काउंटरवर बसून दोन दुपारींत वाचून काढली होती. तेविसाव्या शतकातलं, काचेच्या घुमटाखालचं शहर. तिथे सरकारी परवानगीशिवाय प्रेम करणं हा गुन्हा. तारिणी आणि केतू तो गुन्हा करतात, फरारी ठरतात आणि एका पहाटे शहराच्या फाटकातून निसटतात. वाचताना माधवी सारखी पानं मागे-पुढे करत होती. ती तारिणीची मोठी बहीण शोधत होती.

तारिणीला बहीणच नव्हती.

खरी पहाट माधवीला चांगली ठाऊक होती. बावीस वर्षांपूर्वीची, विद्यानगरच्या घरातली. हर्षद आधी यायचा तो माधवीच्या काउंटरवर. एक पुस्तक बदलायला वीस मिनिटं लावायचा. आपल्यासाठीच रेंगाळतो, असं तिला वाटायचं. मग एकदा निशी तिचा डबा घेऊन आली, आणि माधवीला आपली समजूत मुकाट्याने गिळावी लागली. वडिलांना, हिम्मतरावांना, परजातीतला जावई चालणार नव्हता. त्यांनी निशीसाठी दुसरं स्थळ पक्कं केलं, तेव्हा दोघांनी पळायचं ठरवलं. त्या पहाटे लोखंडी फाटक कुरकुरू नये म्हणून माधवीनेच बिजागऱ्यांत खोबरेल तेल सोडलं, कडी काढली आणि ती आत राहिली. वडील सहा महिने तिच्याशी बोलले नाहीत. तिचं जमलेलं लग्न मोडलं ते मोडलंच. पुढे वडिलांचं आजारपण, पथ्यपाणी, शेवटचे दिवस, सगळं तिनेच निभावलं. निशीला मात्र हर्षद मिळाला, पुणं मिळालं आणि आता हे पुस्तकसुद्धा. अर्पणपत्रिकेत तीनच शब्द होते: 'हर्षदला, सोबत पळाल्याबद्दल.'

फाटक उघडणारं कुणीतरी पुस्तकात होतं म्हणा. ते एक यंत्र होतं. नाव द्वार-नऊ. फाटक वाजू नये म्हणून ते स्वतःच्या गुडघ्यांतलं तेल काढून बिजागऱ्यांना घालतं, आणि मग त्याला जागचं हलता येत नाही. एकशे बाराव्या पानावर येतं आणि त्याच पानावर संपतं.

निशिगंधाने वाचायला नेमकं तेच पान काढलं. माधवी दाराशी उभी होती. आता ही मान वर करेल, आता एकदा तरी आपल्याकडे बघेल, असं मनाशी म्हणत ती बघत राहिली. निशिगंधाने पान संपवलं, टाळ्या पडल्या, पण मान काही वर झाली नाही.

पहिल्या रांगेतून एक आठवीतली मुलगी उठली. मानसी तिचं नाव.

"मॅम, एक डाउट आहे. त्या द्वार-नऊचं नंतर काय झालं?"

"नंतर?" निशिगंधा हसली. "काही नाही. ते तिथेच असतं. मशीन आहे ना, त्याला काही वाटत नसतं."

"मग त्याने स्वतःचं ऑइल कशाला दिलं?"

सगळे हसले. निशिगंधाने बाटली उघडून पाण्याचा घोट घेतला. तेव्हा तिची नजर दाराकडे गेली आणि लगेच खाली वळली. माधवीला तेवढं पुरे झालं. हिला सगळं आठवतंय तर! विसरली असती तर परवडलं असतं.

मंडळी पांगल्यावर निशिगंधा पर्स आवरू लागली.

"कसं झालं गं, अक्का?"

"चांगलं झालं की. मला मशीन केलीस व्हय?"

"असं काय करतेस? बहीण ठेवली असती तर पुढे तिचं काय झालं, तेही लिहावं लागलं असतं."

"मग लिहायचं होतं ना."

"मला कुठे काय माहीत होतं? तू कधी बोललीच नाहीस."

"तू इचारलीस कधी? बावीस वर्षं झाली की गं, निशे."

तेवढ्यात खालून गाडीचा हॉर्न वाजला.

"हर्षद आलाय वाटतं," ती म्हणाली.

"वर नाही येत?"

"पार्किंग नाही मिळालं." तिने घाईघाईने माधवीचा हात दाबला आणि जिना धावत उतरली. माधवी वरून बघत राहिली. याही खेपेला निशीने मागे वळून पाहिलं नाही.

टेबलावर ग्रंथालयासाठी भेट दिलेली प्रत होती. ती पंचांगांच्या मागे कोंबून टाकायची, असं माधवीने सकाळीच ठरवलं होतं. आता जिन्याच्या तोंडाशी मानसी घुटमळत होती.

"आंटी, हे बुक घरी नेता येतं का? मी हळूहळू वाचते, पण वाचते."

"नेता येतं. थांब, नोंद करते."

पुस्तक चोरीला गेलं तर ओळख पटावी म्हणून ग्रंथालयात प्रत्येक पुस्तकाच्या एका ठरावीक आतल्या पानावर शिक्का मारतात. इथे ते पान एकतिसावं. चोवीस वर्षांत माधवीने हा नियम एकदाही मोडला नव्हता. तिने एकतिसावं पान उघडलं, क्षणभर बघितलं आणि उलटून टाकलं. एकशे बाराव्या पानावर, द्वार-नऊच्या शेवटच्या ओळीखाली, तिने शिक्का दाबून मारला. शिक्क्याखाली ती एरवी फक्त आद्याक्षरं लिहायची. आज तिने पूर्ण नाव लिहिलं.

शाई ओली होती. मानसी हात पुढे करून उभी होती, पण शाई वाळेपर्यंत माधवीने पान उघडं धरून ठेवलं.