चहाच्या सायीची चंची

सून शिकलेली आणली की ओटा आपला राहत नाही. घोडबंदर रोडच्या या ब्लॉकात आमच्या मनालीने माझ्या मिक्सरच्या जागी काचेची बरणी मांडलेली. बिनदुधाच्या गोड चहात विरजण टाकून तो आंबवत ठेवायचा. मग वर साय धरते. साय कसली, किनाऱ्यावर मरून पडलेला जेलीफिश!

"आई, यातले जंतू साखर खातात आणि धागे विणतात. सुकवलं की चामड्यासारखं होतं."

"जंतू कामाला लागले, तुझा नवरा कधी लागणार?" आमचा जयेश सोफ्यावर मोबाईल घेऊन लोळत होता.

तिने साय सुकवली, तेल-मेण चोळलं, पर्स शिवली. कल्याणच्या बॅगवाल्या दामाजी शेटला दाखवायची होती. नोकरी सोडून तिने हेच एक धरलेलं. मी बजावलं, "शेटने नाक मुरडलं तर बरणी मोरीत ओतायची."

"चालेल," म्हणाली. मीही सोबत गेले. तिची जिरताना बघायची होती ना.

शेटने पर्स ओढली, पिळली, नख मारून बघितलं. "मजबूत आहे." मग नाकाला लावली आणि फेकलीच. "अहो, हिला सुकटीचा वास मारतोय!"

मनाली पुटपुटली, "ऊन फक्त गॅलरीत येतं... आईंच्या बोंबलांच्या दोरीवरच वाळत घातलेली."

मला तो वास घरात कधी आलाच नाही. यायचा कसा? त्यातच जन्मले मी.

शेट दुकानातल्या पोरांकडे बघून हसला. "कोळणीच्या घरचा माल, दुसरं काय होणार!"

"मेल्या," मी म्हटलं, "तुझ्या रेक्झिनला कसला वास येतो, मोगऱ्याचा? पावसाळ्यात आमचीच सुकट भाकरीबरोबर चापतोस, तेव्हा नाक कुठे गहाण ठेवतोस?" पर्स उचलली. कमरेची पानसुपारीची फडक्याची चंची उघडली आणि तिच्यातलं सगळं त्या पर्समध्ये भरलं, त्याच्या डोळ्यांदेखत.

रिक्षात मनाली खाली मान घालून म्हणाली, "घरी गेल्यावर मीच ओतते बरणी."

"हात लावून बघ गो! आता बरणी माझी. साय गच्चीवर वाळव, आणि दामाजी सोडून गावभर विक. पण शिवण किती वाकडी ही! सुई धरायला कुणी शिकवलं तुला, जंतूंनी?"