सातव्या पट्टीचं गाणं

पृथ्वीगोल करायचा, तर होडीच्या आकाराच्या बारा छापील पट्ट्या भिजवून गोळ्यावर चिकटवायच्या. भिजला की कागद पसरतो. कमी भिजला तर फट राहते, जास्त भिजला तर फाटतो. त्याचं माप त्या घरात एकच होतं, सासूबाईंचं जात्यावरचं गाणं. गाणं संपलं की पट्टी पाण्याबाहेर. मुलानं एकदा घड्याळ आणलं, तर थंडीत कागद उशिरा भिजतो हे त्याला कळतं का, असं विचारून त्यांनी ते परत पाठवलं.

सहावी पट्टी लागली होती. तिच्या कडेला सासूबाईंच्या माहेरचे डोंगर. सातवीच्या कडेला बंदरं, त्यामागे वाळवंट, वीतभर कागदात अकरा भाषा आणि सुनेचं माहेर. दोन्हींच्या मध्ये चिंचोळा समुद्र जुळवायचा होता. नकाशातली सरहद्दीची रेघ आपल्या लग्नाच्या वेळी नव्हतीच, असं सासूबाई सांगत.

ही पट्टी सुनेला स्वतः लावायची होती. सासूबाईंचं गाणं तिच्या जिभेवर अडखळे, म्हणून तिनं माहेरचं, वल्हेकऱ्यांचं म्हटलं. ते भरभर संपलं. पट्टी बसली, पण समुद्रात जवभर पांढरी फट राहिली.

"तुझ्या माहेरचे फारच घाईत असतात," नवरा म्हणाला.

ती हसली नाही. पट्टी सोलून काढली. आता सातवीची एकच जादा छापील पट्टी उरली होती आणि संध्याकाळी गोल न्यायला शाळेचा माणूस येणार होता. हीही बिघडली, तर पुन्हा मागायला तिला तोंड नव्हतं.

सासूबाईंनी स्टूल जवळ ओढलं, गाण्याचा अर्थ विचारला. बंदराचा दिवा दिसतो, होडी लागते, एवढंच होतं त्यात.

"लागली, आणि पुढे? उतरणारीला कुणी पाणी विचारील की नाही?"

सुनेनं ती उरलेली पट्टी पाण्यात सोडली आणि वल्हेकऱ्यांचं गाणं म्हटलं. ते संपताच सासूबाईंनी आपल्या संथ चालीत पुढच्या ओळी जुळवल्या,

हळू उतर गं बाई, वाळू ओली पायाखाली
डोंगराच्या दारापाशी, वाट बघते माऊली

दुसरी ओळ त्यांनी पुन्हा म्हटली, तेव्हा सुनेचा आवाज येऊन मिळाला. तिनं पट्टी काढली, बसवली, चमच्याच्या पाठीनं मधून कडेला दाबत नेली. सासूबाईंनी जोडावरून नख फिरवलं. नख कुठेच अडकलं नाही.

"आठवीही तूच लाव," म्हणत त्यांनी खळीचं भांडं तिच्याकडे सरकवलं.

आठवीत कुणाचंच माहेर नव्हतं. तरी गाणं तेच, दोघींचं, म्हटलं गेलं.