शेजारचा ब्रेक

आत्या गेल्यावर तिच्या ड्रायव्हिंग स्कूलची पाटी उतरली आणि मागे राहिली ती तिची जुनी पांढरी गाडी, जिच्यात शेजारच्या सीटपुढेही एक ब्रेक होता, शिकवणाऱ्यासाठीचा. लग्नाचा विषय काढणाऱ्यांना "शेजारी बसून ब्रेक मारायची खोड आहे मला, कोण सहन करेल?" असं हसत वाटेला लावणाऱ्या या बाईने गावातल्या निम्म्या बायकांना स्टेअरिंग धरायला शिकवलं होतं. दार वाजलं तरी दचकणाऱ्या मला, तिच्या भाचीला, ती एवढंच सांगायची, "घाबर, खुशाल घाबर, पण गाडी चालू ठेवून घाबर. ब्रेकवर मी आहे, तू फक्त पुढे बघ."

ती गेली आणि लायसन्सच्या परीक्षेत मी दोनदा नापास झाले. मैदानावर आखलेल्या आठाच्या आकड्यात दुसऱ्या वळणावर गाडी थांबायचीच.

"झुरळ दिसलं की पलंगावर चढतेस, तू गाडी काय चालवणार!" वडील म्हणाले. "आता नापास झालीस की विकून टाकतो. दारात धूळ खायला नको."

ती पाटी मला पुन्हा लावायची होती. पण हे त्यांना सांगायचं धाडस पास झाल्याशिवाय होणार नव्हतं.

सरावाला गेले तेव्हा त्याच वळणावर मी मुद्दाम पाय ब्रेकपासून लांब ठेवला. गाडी तरीही थांबली. मी डावीकडे खाली पाहिलं. शेजारचं पेडल तळाला टेकलेलं होतं, आणि मग ते, समाधान झालेल्या माणसाने पाय उचलावा तसं, सावकाश वर आलं.  तरी घरी पळून न जाता गाडी मी मैदानाला लागून असलेल्या गॅरेजमध्ये नेली.

"ताई, हा जोडलेलाच नाही," गाडीखालून बाहेर येत मेकॅनिक म्हणाला. "तुम्ही शिकायला लागलात त्याच आठवड्यात बाईंनी सोडवून घेतला. मी म्हटलं, पोरगी कुठे धडकली म्हणजे? तर म्हणाल्या, तिला माहीत नाही ना, मग नाही धडकणार."

म्हणजे दोन वर्षं, उतारावर, भर रहदारीत, मी माझ्याच भरवशावर चालवत होते. आणि जिने जिवंतपणी माझ्यासाठी तो ब्रेक एकदाही दाबला नव्हता, ती आता दाबत होती.

परीक्षेच्या सकाळी मैदानाच्या फाटकाशी मी गाडी उभी केली आणि शेजारच्या रिकाम्या सीटकडे न बघता म्हणाले, "आत्या, उतर. मला कळलंय सगळं." आवाज कापत होता, पण म्हणाले. डावीकडचं दार वाजल्यासारखं वाटलं. नेहमीप्रमाणे दचकले.

दुसरं वळण आलं, आणि गेलं.

पहिल्या दोन परीक्षांनाही मैदानाच्या कडेला उभे असलेले तेच अधिकारी कागद घेऊन खिडकीशी आले. "पास," सही करत ते म्हणाले. "आणि एकट्या आलात ते बरं केलंत. परीक्षेत शेजारी कुणाला बसवायचं नसतं. पण वयस्कर बाई, मागच्या वेळी उतरवायला माझं मन होईना." मग त्यांनी हनुवटीने फाटकाकडे दाखवलं. "आज बघा, कशा शहाण्यासारख्या बाहेर थांबल्यात."

 मान वळवावीशी फार वाटली. मी पहिला गिअर टाकला, आणि फक्त पुढे बघितलं.