नाकाच्या बाजूची कड

सूक्ष्मदर्शकाखाली हार्मेनचा उजवा डोळा लख्ख दिसत होता. कुठे लाली नाही, लेन्सच्या आत बुडबुडा नाही, बुबुळ आणि लेन्स यांच्यामधला पाण्याचा थर हवा तेवढाच. असं काम बघून लेन्स घडवणाऱ्या कुणीही स्वतःची पाठ थोपटून घेतली असती. फेनाला मात्र रडू यायचं तेवढं बाकी राहिलं होतं. ही चौथी लेन्स होती, आणि आधीच्या तिन्ही अशाच झकास दिसल्या होत्या.

"कधी घातलीत?" तिने विचारलं.

"पाचला. कामावर जाताना."

म्हणजे चार तास झाले होते. तिने कागदावर लिहिलं.

"आणि दुपारनंतर कसं वाटतं?"

"थोडं टोचतं," हार्मेन म्हणाला. "चालायचंच."

चालायचंच! हा माणूस तीस वर्षं ऱ्हाईनवर फेरीबोट चालवत होता आणि दुखणं अंगावर काढण्यात त्याचा हात कुणी धरला नसता. त्याचं 'थोडं टोचतं' म्हणजे काय, ते त्याच्या बायकोने फोनवर सांगितलं होतं: दुपारी चारला लेन्स काढून टाकतो आणि संध्याकाळभर डोळ्यावर ओला रुमाल ठेवून बसतो. लेन्सशिवाय तर कामच अडत होतं. त्याच्या दोन्ही डोळ्यांचा पुढचा पडदा पातळ होऊन शंकूसारखा पुढे आला होता, चष्म्याचा काही उपयोग नव्हता, पलीकडच्या धक्क्यावरचा एक दिवा त्याला सहा दिसायचा. डोळ्याच्या पांढऱ्यावर टेकणारी, बुबुळाला न शिवणारी मोठी लेन्स, एवढाच इलाज. डावी पहिल्या झटक्यात जमली होती. अडलं होतं ते उजवीवर. महिनाअखेरीला परवान्याची तपासणी होती, आणि लेन्स घालून अख्खी पाळी निभावते असं फेनाने लिहून दिलं नाही, तर हार्मेनच्या हातून बोट जाणार होती.

त्याला खुर्चीतच बसवून ती लेन्स घेऊन आत रिनुसकडे गेली. रिनुस पस्तीस वर्षं लेथवर लेन्स कातत होता. कडेला शेवटची झिलई यंत्र देतं, पण बोट फिरवल्याशिवाय तो एकही लेन्स बाहेर जाऊ देत नसे.

त्याने कडेवरून अंगठा फिरवला. "पोरी, लेन्समध्ये खोट नाही. आता माणूस बदल."

"गंमत सुचतेय तुला! त्याची बोट जाईल रे."

"मग पाचवी काढ. माझं काय जातंय, मी आहेच इथे."

पाचवी काढायची म्हणजे बदलायचं काय, हेच तिला कळत नव्हतं. सगळी मापं नव्याने घ्यायची, म्हणून तिने चौथी लेन्स हार्मेनला परत दिली आणि पुढच्या मंगळवारी पुन्हा बोलावलं.

त्या मंगळवारी रिनुसचा वाढदिवस होता. तिथल्या रीतीप्रमाणे त्यानेच सफरचंदाचा केक आणला होता आणि त्याच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा सगळे सगळ्यांना देत होते. नऊ वाजले, साडेनऊ झाले, हार्मेनचा पत्ता नाही. वेळेच्या आधी पाच मिनिटं येणारा हा माणूस दहाला सायकल दामटत आला. अंगावर कामाचं जाकीट तसंच, कपाळावर घाम. नदीवर धुकं उतरलं होतं, बोट अडकली होती.

"रिनुसच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा," दारातच कळल्यामुळे त्याने आधी फेनाचा हात हातात घेऊन म्हटलं, आणि मग ओशाळला. "माफ करा हं बाई. आज धुवायला वेळच मिळाला नाही."

"काय धुवायला?"

"लेन्स हो. एरवी मी तुमच्या सायकलींच्या शेडमध्ये ती काढतो, स्वच्छ धुतो, तुमच्याच बाटलीतलं नवं पाणी भरतो आणि परत घालतो. तुम्ही इतक्या बारकाईने बघणार आणि आपण घाण लेन्स घेऊन यायचं, बरं दिसतं का ते?"

"प्रत्येक वेळी?"

"दातांच्या डॉक्टरकडे जाताना दात घासतोच ना माणूस!"

मागून रिनुस केकच्या बशीसकट मोठ्यांदा हसला. फेनाला हसू आलं नाही. तिने हार्मेनला तसंच खुर्चीत बसवलं आणि यंत्राचा दिवा लावला.

पाच तास डोळ्यात बसलेली लेन्स ती आज पहिल्यांदा बघत होती. अशी लेन्स तासागणिक मऊ पांढऱ्यात रुतत जाते, हे तिला काय ठाऊक नव्हतं? पण हार्मेन ती धुऊन पुन्हा घालायचा, आणि चार तासांची म्हणून ती जी तपासायची ती दहा मिनिटांची असायची. नाकाच्या बाजूला पांढऱ्यावर तिळाएवढा पिवळसर उंचवटा होता. तीस वर्षं पाण्यावरचं ऊन आणि वारा खाल्लेल्यांच्या डोळ्यांत असतोच. ताजी लेन्स त्याच्यावरून अलगद जायची. रुतल्यावर तिची कड नेमकी त्याच्यावर दाबत होती, तिथल्या रक्तवाहिन्या दबून पांढऱ्या पडल्या होत्या, आणि लेन्स काढल्यावर खाली चर दिसला.

काखेत कळसा आणि गावाला वळसा! चार लेन्स, तीन महिने, आणि 'मध्ये काढली होती का?' एवढं विचारायचं तिला सुचलं नव्हतं.

"चूक माझी आहे," ती म्हणाली. "मी विचारायला हवं होतं. आणि तुम्ही आज उशीर केलात ना, त्याबद्दल तुमचे किती आभार मानू?"

"उशिराबद्दल आभार?" हार्मेनने रिनुसकडे पाहिलं. "या बऱ्या आहेत ना?"

"आज बऱ्या आहेत," रिनुस म्हणाला. "केक घ्या."

पाचव्या लेन्समध्ये सगळं चौथीचंच ठेवलं. फक्त नाकाच्या बाजूची कड त्या तिळापुरती केसभर उचलली. रिनुसने त्या जागी तीनदा अंगठा फिरवला आणि मगच ती डबीत ठेवली.

तपासणीला दोन दिवस उरले असताना, संध्याकाळी सहाला, फेना सायकल घेऊन धक्क्यावर गेली. खिशात हातात धरायचा छोटा दिवा होता. हार्मेनची पाळी संपत आली होती. पुराचं पाणी जोरात होतं आणि तो डोळ्यांत तेल घालून प्रवाहाकडे बघत होता. तिने वाट बघितली. शेवटची गाडी उतरली, त्याने साखळी लावली, मग त्याचं तिच्याकडे लक्ष गेलं.

"तुम्ही इकडे कुठे?"

"डोळा बघायला आले. कसा आहे?"

"कुठला डोळा?" तो म्हणाला, आणि त्याचा हात आपोआप उजव्या गालाकडे गेला. "अरे हो! आहे की आत."

तिने कठड्याला टेकून दिव्याच्या उजेडात पाहिलं. नाकाच्या बाजूला पांढरं अगदी शांत होतं. सकाळी पाचपासून तेरा तास, आणि एक लाल रेघ नाही.

"बाई, राग नसावा," हार्मेन म्हणाला, "पण खरं सांगतो. आज दिवसभर मला तुमची एकदासुद्धा आठवण आली नाही."

फेनाने दिवा विझवला. नऊ वर्षं ती लेन्स घडवत होती, पण इतकं गोड तिला आजवर कुणी बोललं नव्हतं. वाऱ्यामुळे डोळ्यांत पाणी आलं असं तिने सांगितलं असतं, पण वाऱ्याकडे तिची पाठ होती.

"झोपताना मात्र नक्की काढा," ती म्हणाली. "तेवढी एक आठवण ठेवा माझी."