गोमाजीची माळ

आमच्या डोंबिवलीच्या विठ्ठल मंदिरात दर एकादशीला भजन असायचं. भजन संपलं की पुरुष मंडळी एकेक करून माझ्याशेजारी येऊन बसायची. बुवा म्हणून मला गाण्यापेक्षा ऐकण्याचंच काम जास्त. कुणाचा कारखाना बंद, कुणाचा मुलगा बापाशी बोलत नाही. रडायचं असेल तर टाळांच्या गजरात रडून घ्यायचे, शेजाऱ्याला कळू नये म्हणून. मी धीर द्यायचो, दमही द्यायचो. खरं सांगायचं तर दमच जास्त.

खाडीकाठच्या गोमाजी कोळ्याला त्याची बायको आवडाबाई माझ्याकडे घेऊन आली, ते एकोणनव्वद साल. खाडीचं पाणी नासलं, जाळ्यात मासळी येईना, आणि हा दारूला लागला. मी त्याच्या गळ्यात तुळशीची माळ घातली. माळ घातली की दारू बंद, मासळीही बंद. कोळ्याला हे सोपं नाही, पण गड्यानं चौदा महिने पाळलं. श्रेय मी स्वतःकडे घेऊन मोकळा झालो होतो.

एका गुरुवारी दुपारी तो देवळात आला. माळ धुऊन रुमालात बांधलेली. ज्याला पाळणं जमत नाही, तो माळ आणून देतो. असे मी पुष्कळ पाहिले होते.

"बुवा, ही देवाजवल ठेवा."

"कधी प्यायलास?"

"शिवलो पन न्हाय."

"मग मासळी खाल्लीस?"

"न्हाय. माजे गल्यान तिला इटाल नको व्हाया."

माझं डोकंच फिरलं. "माळ म्हणजे टोपी आहे का, वाटेल तेव्हा काढायला? नेभळट कुठला! बायकोचं तोंड तरी आठव!"

त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "बुवा, जरा बसू क?"

"एकादशीला ये. मग बोलू."

तो माझ्या पाया पडला आणि गेला. दुसऱ्या दिवशी ओहोटीला खाडीत त्याचं प्रेत सापडलं. विटाळ कसला, ते मला तेव्हा कळलं. लाज वाटली, भीती वाटली, आणि मी कुणाला काही सांगितलं नाही. त्याच्या घरीही गेलो नाही.

तीन दिवसांनी आवडाबाईच देवळाच्या पायरीशी आली; सुतक म्हणून आत नाही. डोळे कोरडे.

"बुवा, त्याचे गल्यान माल नव्हती. लोक सांगतान, पिऊन परला. तुमाला काय ठावं हाय क?"

मी रुमाल तिच्या हातात दिला. "प्यायला नव्हता, आवडाबाई. थेंबही नाही."

तिनं गाठ सोडली, माळ पाहिली, गाठ पुन्हा बांधली.

"म्हंजे तो तुमचेकरं आलता."

"आला होता."

"मंग तुमी काय बोल्लाव त्याला?"

"एकादशीला ये म्हणालो."

मागे मंडळी टाळ काढून बसत होती. तिनं त्यांच्याकडे पाहिलं.

"कवा हाय एकादशी?"

"आज," मी म्हणालो.